खालून आलेलं पाणी

हवा खायला परगावी जायचं, ही साहेबलोकांची तऱ्हा. आमच्याकडं माणूस गाव सोडायचा तो लग्नाला, मयताला, नाहीतर जत्रेला. म्हणून डॉक्टरांनी ह्यांच्या छातीला नळी लावून "महिनाभर समुद्रकाठी राहा, नाहीतर आशा धरू नका" असं सांगितलं, तेव्हा सोलापुरातल्या आमच्या आळीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. एक म्हणाली, "हवाच खायाची हाय तर भाकऱ्या कशाला बांधतीस गं?" मी म्हटलं, "तुझ्या तोंडात कोंबायला!" माझी जीभ पहिल्यापासून अशीच. आणि त्यात माझा नवरा डोळ्यांदेखत झिजत होता. दहा वर्षं गिरणीत, कापसाच्या धुळीत काम केलेला माणूस. दोन पायऱ्या चढला की भिंत धरायचा. मला तो जिवंत पाहिजे होता. खोकत का होईना, पण जिवंत.

कुर्डुवाडीला उतरून छोटी गाडी धरली. ती मिरजेपर्यंत नुकतीच धावायला लागली होती, आणि धावायला म्हणजे काय, बैलगाडीवाला तिला रामराम करून पुढं जायचा. पुढं कोल्हापूर, मग मोटारीनं घाट. ह्यांच्या गिरणीतल्या जोडीदाराचं घर खाडीच्या काठी होतं. त्याच्या म्हाताऱ्या आईनं आम्हाला पडवी झाडून दिली.

समुद्र बघितला आणि मला रडूच आलं. आमच्याकडं चैतात झऱ्याशी वाटी घेऊन बसावं तेव्हा घागर भरायची, आणि हितं देवानं एवढं ओतून ठेवलेलं, तेही प्यायच्या कामाचं नाही! रागच आला मला. पण हवा लागू पडली, खोटं का बोलू? आठ दिवसांत हे पेज पिऊन वर भात मागायला लागले. सकाळी आम्ही दोघं वाळूवरून फिरायचो. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, पण काही काम नसताना नवऱ्याच्या शेजारून नुसतं चालायचं, हे मला त्या आठवड्यात पहिल्यांदा मिळालं. गावाकडं बाईनं चार पावलं मागून चालायचं. तिथं वाळूवर कोण बघतंय? वाऱ्यानं डोक्यावरचा पदर उडाला तरी हे "सावर" म्हणाले नाहीत. मी मनात म्हटलं, देवा, एवढंच ठेव रे बाबा, दुसरं काही मागत नाही.

नवव्या दिवशी सकाळी बघते तर खाडी आटलेली. मधे गुडघाभर ओहोळ, बाकी नुसती वाळू आणि चिखल. बायका वाकून शिंपले वेचत होत्या. हे म्हणाले, "पल्याडच्या काठाला जाऊन येऊ का? पण आदी म्हातारीला इचारू."

मी फिसकन हसले. "त्यात काय इचारायचं? सीनाकाठची पोर हाय मी. पात्रातच वाढलीया. चला!"

सीनेचं कोरडं पात्र कसं ओलांडायचं, हे आमच्याकडं पोराला चालता येतं तेव्हापासून शिकवतात. पाणी येतं ते वरून, कुठंतरी लांब पडलेल्या पावसाचं. म्हणून नजर वरच्या अंगाला ठेवायची, कान उघडे ठेवायचे, आणि गडगडाट ऐकू आला की जवळचा काठ धरायचा. मी तेच केलं. ह्यांनाही डोंगराकडंच बघायला लावलं. आभाळ निरभ्र होतं. शिंपलेवाल्या बायका टोपल्या उचलून एकेक करत काठाला गेल्या, तेही मी बघितलं. म्हटलं, दमल्या बिचाऱ्या. एकीनं हात हलवून काहीतरी ओरडून सांगितलं. वाऱ्यात शब्द कळले नाहीत. मीही हसून हात हलवला. काय म्हणावं माझ्या अकलेला!

मधोमध पोचलो आणि घोट्याला गार लागलं. वर बघितलं, काही नाही. आवाज नाही, फेस नाही. मागं वळले तर समुद्राकडून पाणी चढत होतं. उलटं! पळायचं कुठल्या काठाला हेच कळेना. ह्यांचा पाय चिखलात रुतला, दम लागला. "तू हो म्होरं," म्हणाले. "गप बसा!" मी ओरडले आणि त्यांना पाठुंगळीला घेतलं. किती हलके झाले होते! पाण्यापेक्षा मला त्याचीच भीती वाटली. पाणी कमरेला आलं, छातीला आलं. मी सिद्धेश्वराला नवस बोलले, मग शिव्या घातल्या, मग परत नवस बोलले. काठावरच्या बायकांनी आरडाओरडा केला म्हणून एक कोळी होडी घेऊन आला. आम्हाला वर ओढताना म्हणाला, "अगो बाये, भरती लागल्यावर खाडीत कोण उतरतं काय?" दिवसातून दोनदा पाणी चढतं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

त्याच संध्याकाळी ह्यांना हुडहुडी भरली. तिसऱ्या दिवशी खोकल्यातून रक्त आलं. "घरी ने मला," म्हणाले. येताना सगळ्या वाटेनं त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी म्हटलं, "माझ्यामुळं झालं हे." डोळे मिटूनच त्यांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, मला अजून कळलेलं नाही.

घरी आल्यावर त्यांनी आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूला, जवळ बोलावलं. "आई, मीच हट्ट केला. ही नगं नगं म्हनत हुती. हिला कुनी बोल लावू नगा." मी उंबऱ्यात उभी होते. सगळं ऐकलं आणि चुलीकडं वळले. पाचव्या दिवशी ते गेले.

तेरावं झालं. पाहुणे पांगले. आत्याबाई माझ्याशेजारी येऊन टेकल्या आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवायला लागल्या. "ल्हानपनापास्नं आसंच हट्टी लेकरू. कुनाचं आयकायचं न्हाय. तू किती सांगितलं आसशील, न्हाय का गं पोरी?"

सांगायची वेळ तीच होती. त्यांचा हात माझ्या केसांत होता.

मी म्हटलं, "व्हय, आत्याबाई. लई सांगितलं."