शेवटचा फर्मा

तो बाइंडर होता. छापखान्यातून आलेल्या कागदांची पुस्तकं करायची, हे त्याचं आयुष्यभराचं काम. बोटांच्या पेरांवर वाळलेली खळ इतकी मुरलेली, की हात धुऊनही ते कोणा दुसऱ्याचेच वाटायचे. हजारो पुस्तकं त्याच्या हातांखालून गेली, पण वाचलेलं एकही नव्हतं. कोणी विचारलं तर म्हणायचा, "हलवाई कुठे मिठाई खातो?" आणि स्वतःच हसायचा. बायको गेल्यावर मात्र हे वाक्य त्याच्या तोंडून कोणी ऐकलं नाही.

घरात आता तो आणि मुलगी. अंगाचं मुटकुळं करून झोपायची म्हणून लहानपणापासून तिला मनी म्हणत. सतरा वर्षांची झाली तरी मनीच. आई गेली त्या वर्षी मनी शाळेतून आली की दप्तर टाकून झोपायची. पुढे शाळेत जाण्याआधी झोपू लागली, मग अधूनमधून शाळेऐवजी. डॉक्टर म्हणाले, शरीरात काही दोष नाही. आत्या म्हणाली, "पोरीला लाडावून ठेवलंयस." बाइंडरला दोन्ही पटलं नाही. मनी झोपेतून उठायची तेव्हा तिच्या चेहऱ्यावर माहेराहून निघालेल्या बाईचं दुःख असे, ते त्याने पाहिलं होतं.

तिला अंथरुणातून उठवून बसवणारी एकच गोष्ट होती. छापखान्यात एका कादंबरीचे भाग निघत होते. झोपेच्या आत वसलेलं एक राज्य. लोक जी स्वप्नं विसरतात, त्यांचीच घरं आणि पूल तिथे बांधलेले. नदीवर एक नावाडी. पलीकडे राहायचं तर तो आधी तुमची भूक मागून घेतो, मग आवाज, मग सावली. पलीकडे गेलेली माणसं भेटतात. कादंबरीतली मुलगी तिथे आपल्या आईला शोधत होती. बापाने आणून दिलेले दोन भाग मनीने उशाशी ठेवून झिजवले होते, आणि त्यालाही ती गोष्ट सांगितली होती.

"बाबा, शेवटचा भाग कधी येणार?"

"येईल गं. आधी दोन घास खा."

"भूक नाही."

तिने ताट सरकवलं. भूक कोणी मागून घेतली, हे आता बाइंडरलाही माहीत होतं.

शेवटच्या भागाचे कागद आले. छापलेल्या मोठ्या कागदाला घड्या घातल्या की सोळा पानांचा फर्मा होतो. कडा कापल्या जात नाहीत तोवर तो बंदच असतो. वरचं पान दिसतं, आतली नाहीत. शेवटच्या फर्म्याची घडी दाबताना बाइंडरची नजर वरच्या ओळींवर गेली. मुलगी म्हणत होती, "मी परत जाणार नाही. आई इथे आहे."

त्याचा हात थांबला.

"काय रे, परीक्षेला बसतोयस का?" पलीकडून मामा ओरडले. शिलाईवर बसणाऱ्या या म्हाताऱ्याला सगळा कारखाना मामा म्हणे.

"नाही मामा. घडी वाकडी झाली."

त्या दिवशी त्याने मनीसाठी एक प्रत वेगळी बांधली. शेवटचा फर्मा त्यात घातलाच नाही. आधीचा फर्मा नशिबाने पूर्णविरामावर संपत होता : "आणि तिने आईच्या दाराला हात लावला." बाइंडरला वाटलं, देवानेच जागा करून ठेवली.

मनीने पुस्तक एका बैठकीत वाचलं. वाचताना ती भिंतीला टेकून ताठ बसली होती. बापाला तेवढ्यानेच भरून आलं.

"संपलं?" तिने विचारलं.

"संपलं."

"असं कसं? दार उघडलं की नाही?"

तो गडबडला. मग शहाणपणाचं सुचलं असं वाटून म्हणाला, "ते तू ठरवायचं."

मनीने बराच वेळ पुस्तकाच्या पाठीवरून हात फिरवला. "मग नाही उघडलं," ती म्हणाली आणि आडवी झाली.

त्यानंतर ती शाळेत गेलीच नाही. बोलणंही कमी झालं. पाणी हवं असलं तरी नुसता हात पुढे करायची.

एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत बाइंडरने कापून तयार असलेली एक प्रत उचलली आणि शेवटची पानं उघडली. ओळीवर बोट ठेवून तो वाचू लागला. "मी परत जाणार नाही," असं मुलगी म्हणते खरी. पण पान उलटलं की आई तिचा हात सोडवते. रागावते, रडते, तिला दाराबाहेर ढकलते आणि आतून कडी लावते. मुलगी कितीतरी वेळ दार बडवते. शेवटी उजाडतं, तिला कडकडून भूक लागते, आणि ती उठून बसते.

"अरे, जेवतोस ना?" मामांनी विचारलं. "तोंड का असं उतरलंय?"

"मामा, मी नुसतं वरचं पान पाहिलं हो," तो म्हणाला. मामांना काही कळलं नाही.

शेवटच्या फर्म्याच्या कडा कापून तो सोबत घेऊन, सुट्टी टाकून बाइंडर घरी आला. मनीला हलवून उठवलं, फर्मा तिच्या पुढ्यात ठेवला आणि घडाघडा सगळं सांगून टाकलं. तिने शेवटपर्यंत वाचलं. चेहरा हलला नाही.

"आधी का काढलं होतं?"

"भीती वाटली गं. मला वाटलं, ती तिथेच राहते. मग तूही..."

"आणि आता हे छापून आणलंत."

"अगं, हेच खरं आहे! पुस्तकातलंच आहे!"

"मागच्या वेळीही 'संपलं' म्हणाला होतात."

"उद्या दुकानातून नवी प्रत आणतो. मग तरी पटेल?"

"ती तरी कोणी बांधलेली असणार, बाबा?"

"मग मैत्रिणींना विचार."

"कुठल्या?"

मनीने फर्मा मिटून त्याच्या हातात दिला. रागाने नव्हे, चुकून आपल्या घरी आलेली वस्तू शेजाऱ्याला परत करावी तसा. मग भिंतीकडे तोंड करून पांघरूण ओढून घेतलं.

सकाळी बाइंडरने दारातून हाक मारली. पुन्हा मारली. मग आत जाऊन, पांघरूण वरखाली होतंय ना, हे वाकून पाहिलं, आणि तसाच कामावर गेला. तेव्हापासून घरातून निघण्याआधी तो रोज एवढंच पाहतो.