हात दिसत नाही

पेणच्या गणपतीच्या कारखान्यात कोणाचं कौतुक करायचं झालं तर 'काय सुंदर काम आहे' असं कोणी म्हणत नाही. म्हणतात, 'हात कळत नाय.' म्हणजे फळीवर मूर्ती ओळीने मांडल्यात, निम्म्या उस्तादाने आखलेल्या, निम्म्या शिकणाऱ्याने. मुंबईचा व्यापारी चष्मा लावून बघो नाहीतर काढून बघो, कोणती कोणाची ते त्याला सांगता येत नाही. मी सतरा वर्षांची असताना बाबा, म्हणजे आमच्या कारखान्याचे उस्ताद, माझ्याबद्दल हे वाक्य पहिल्यांदा बोलले. माझ्याशी नाही, व्यापाऱ्याशी. मी मागे रंग कालवत होते. अंगावर मूठभर मांस चढलं, आणि ते बरीच वर्षं उतरलं नाही.

आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. शाडूची मूर्ती साच्यातून निघते, वाळते, रंगते, तिच्यावर दागिने चढतात, आणि सगळ्यात शेवटी डोळे. बारीक ब्रश, रोखलेला श्वास, वरच्या पापणीची एकच रेघ, मध्ये थांबायचं नाही. डोळे येईपर्यंत ती माती असते. आम्ही तिला आडवी करतो, काखेत मारतो, तिच्यासमोर भांडतोसुद्धा. डोळे आले की आवाज आपोआप खाली येतो.

लग्न होऊन मी रोह्याला आले. तिथल्या शाळेत चित्रकलेची शिक्षिका झाले, घर नदीपलीकडे अष्टमीला, नवरा कंपनीत शिफ्टला. पण आखणीचे दिवस आले की शनिवार-रविवार एसटी पकडून पेणला जायचं, हे लग्नाच्या बोलणीतच ठरलेलं होतं. बाबांनी तेवढी एकच अट घातली होती.

फ्रेंच शिकण्याचं मात्र कोणी ठरवलेलं नव्हतं. लग्नाआधी मुंबईत कलेचं शिक्षण घेताना होस्टेलवरची एक मुलगी म्हणाली, पेणच्या जिभेला फ्रेंच झेपायचं नाही. माझ्या नाकावर राग कायमचा मुक्कामाला. दुसऱ्या दिवशी जाऊन नाव घातलं आणि तीन वर्षं संध्याकाळी घसा खरवडत बसले. त्याच शिकवणीच्या ओळखीतून पुढे कळलं की फ्रान्समधल्या एका लहान गावात चित्रकला-शिक्षकांसाठी सहा आठवड्यांचा उन्हाळी वर्ग आहे: सकाळी चित्रकला, दुपारी तिथली भाषा आणि संस्कृती. जाण्याराहण्याचा खर्च त्यांचा. अर्ज केला आणि निवड झाली. आमच्या शाळेत मी एकदम मोठी बाई झाले.

अडचण एवढीच की त्यांचा उन्हाळा म्हणजे आपला जुलै. ऐन आखणीचे दिवस. बाबांना तसं कळवलं. दोन दिवसांनी स्वतः एसटीने अष्टमीला आले, चहा प्यायले आणि म्हणाले, "जा गो. मी आखीन. डोळं अजून हायत मला."

तर मी गेले. गाव डोंगराच्या पायथ्याशी, दगडी, रोह्याच्या निम्मं. दुपारच्या वर्गात पहिला धडा असा की दुकानात शिरताना आधी 'बोंजूर', म्हणजे नमस्कार, म्हणायचं. नाही म्हटलं तर दुकानदारीण बहिरी होते. आमच्या अष्टमीला आधी साबण मागतात आणि मग घरची चौकशी, इथे उलटं. मला ते आवडलं. जेवायला दीड तास, पावावर बोलणं पाऊण तास, तेही आवडलं. एकदा आम्हाला संग्रहालयात नेलं. तिथे संगमरवरी पुतळे रांगेत उभे, एकापेक्षा एक घडवलेले, आणि सगळ्यांचे डोळे कोरे. माझ्या तोंडून मराठीतच निघून गेलं, "अरे, यांची आखणी राहिली!" मग तेच मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये विचारलं. दाखवणारी बाई म्हणाली, एके काळी यातल्या बऱ्याच पुतळ्यांना रंग होता, डोळेही रंगवलेले होते, काळाने ते उडाले. मला फार बरं वाटलं. म्हणजे यांच्याकडेही एखादं पेण होतं.

सकाळच्या वर्गाची शिक्षिका उंच, पांढऱ्या केसांची, कमी बोलणारी. तिला सगळे मादाम म्हणत, मीही म्हणू लागले. तिने गावातलीच एक आजी समोर खुर्चीत बसवली होती. आयुष्यभर पावाच्या भट्टीवर राबलेली, हात जाडजूड, बसल्या जागी चुळबुळ करणारी. तिचं चित्र काढायचं. मी काढलं, आणि झोकात काढलं. बाकीचे माना वळवून बघत होते. मादाम मागे येऊन उभी राहिली, बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "तुमचा हात दिसत नाही."

मी उठून उभी राहिले आणि म्हणाले, "मेर्सी, मादाम." मान लववली. डोळ्यांत पाणी आलं हे खोटं सांगत नाही. सातासमुद्रापलीकडच्या बाईने बाबांचं वाक्य जसंच्या तसं म्हटलं होतं. त्याच दुपारी पत्र लिहिलं: बाबा, इथल्या मादाम म्हणाल्या, माझा हात दिसत नाही. निघायच्या आधी आमच्या चित्रांचं प्रदर्शनही आहे.

पुढच्या आठवड्यात तिने तेच पुन्हा सांगितलं, जरा कपाळाला आठ्या घालून. मी पुन्हा मेर्सी म्हटलं, जास्त वाकून. तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा तिने हातातला कोळसा खाली ठेवला आणि शांतपणे विचारलं की मी दर वेळी आभार कशाचे मानते. मी समजावलं. तिनेही समजावलं. तिचं म्हणणं असं होतं की काम सफाईदार आहे, पण ते कोणीही काढलेलं असू शकतं. बघणारा माणूस त्यात कुठे नाही. शेवटच्या दिवशी गावच्या सभागृहात प्रदर्शन असतं, प्रत्येकाचं एक चित्र, तिने निवडलेलं. माझं असं एकही चित्र तिला अजून मिळालेलं नव्हतं.

तोंडचं पाणी पळालं. मग राग आला, आणि तो मी गिळला नाही. माझ्या फ्रेंचमध्ये जेवढी भांडणाची सोय होती तेवढी सगळी वापरली. म्हणाले, हात लपवायला आमच्याकडे वर्षानुवर्षं घालवावी लागतात. देवाच्या डोळ्यात आखणाऱ्याने डोकावायचं नसतं. तुम्ही ज्याला उणं म्हणता तेच आमच्यात शेवटचं शिकतात. सगळं ऐकून मादाम म्हणाली की हे तिला माहीत नव्हतं, आणि देवासाठी ते बरोबरच असणार. "पण ही आजी देव नाही. ती पाव भाजायची."

चार दिवसांनी बाबांचं पत्र आलं. त्यांनी माझं पत्र कारखान्यात मोठ्याने वाचून घेतलं होतं. आळीत पेढे वाटले होते. रोह्याला माझ्या शाळेतही एक पुडा पोचवला होता. खाली लिहिलं होतं: तुझं चित्र भिंतीवर लागेल त्याचा फोटो आण, कारखान्यात लावायचा आहे. पत्राची घडी घातली आणि पलंगावर बसून राहिले. चित्र नाही लागलं तर माझं नाक कापलं जाणार होतं ते जाऊ दे, बाबांचं जाणार होतं, आणि तेही पेढे वाटून झाल्यावर.

मग मी आजीच्या मागे लागले. रोज एक चित्र. चेहऱ्याच्या सुरकुत्या जमत, हात जमत, पदरासारखा गळ्याभोवतीचा रुमाल जमे. एक दिवस आजीच उठून आली, चित्रात वाकून बघितलं आणि म्हणाली, "फार सुंदर. कोण आहे ही?"

मी चिडून डाव्या हाताने काढलं. रेघा मुद्दाम वाकड्या केल्या. मादामने एका नजरेत ओळखलं आणि हे नाटक आहे म्हणून बाजूला ठेवलं. तिच्यापुढे लबाडी चालत नसे, आणि याबद्दल मला तिचा आदरही वाटू लागला होता, पण तो त्या वेळी कबूल केला नाही.

खोट कुठे होती ते मला एका सकाळी कळलं, तेही आजी लवकर उठून गेली म्हणून. माझं चित्र होत आलं होतं आणि डोळे राहिले होते. समोर खुर्ची रिकामी. तरी माझा हात न अडखळता पुढे गेला, श्वास रोखला गेला आणि दोन डोळे उमटले. भक्ताकडे वरून बघणारे, अर्धे मिटलेले, शांत डोळे. मी थबकले. रोज हेच होत होतं. डोळे शेवटी काढायची सवय. तोवर आजी थकून चुळबुळायला लागायची, मग तिच्याकडे कोण बघतो? हात आपल्या वाटेने पेणला जायचा.

दुसऱ्या दिवशी मी डोळे आधी काढायचं ठरवलं. ऐकायला सोपं वाटतं. कोऱ्या कागदावर, ना कपाळ ना नाक, आणि आधी डोळे. मनात गणपतीची माफी मागितली, हा हट्ट तुझ्यासाठी नाही, या आजीसाठी आहे म्हटलं. आणि पहिल्यांदा आजीच्या डोळ्यांत नीट बघितलं. उजवी पापणी खाली उतरलेली, भट्टीच्या धगीने म्हणा की वयाने. त्या डोळ्याला सतत पाणी. डावा मात्र लख्ख, थोडा आगाऊ, माझ्यावर पाळत ठेवणारा. दोन्ही डोळे एका माणसाचे वाटत नव्हते. त्यांच्यातच सगळी सकाळ गेली. हनुवटी अर्धीच राहिली, रुमाल तर नुसता घोटाळा.

मादाम आली. आजीकडे बघितलं, कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिने हात पुढे केला आणि माझा कोळशाने बरबटलेला हात हातात घेऊन दाबला, एवढंच. चित्र अर्ध्या हनुवटीसकट भिंतीवर लागलं. प्रदर्शनाला आजी नातवंडं घेऊन आली आणि आपल्याच चित्राशेजारी मालकिणीसारखी उभी राहिली. कोणी तिच्याकडे निरखून बघू लागलं की ती मला बोट दाखवून हाक मारायची. मी त्या दिवशी फार मिरवले. मिरवायचाच दिवस होता.

परत आले तेव्हा गणपतीला थोडेच दिवस उरले होते. रोह्याला सामान टाकलं आणि पेणला गेले. बाबा आखणीला बसले होते. मी फोटो त्यांच्या हातात दिला. त्यांनी ब्रश पाण्यात ठेवला, फोटो उजेडात नेला, जवळ धरला, लांब धरला. मी तेवढ्यात सगळं सांगून टाकलं. मादामने केलं ते कौतुक नव्हतं, खोट काढली होती. मला समजलं नाही, मी आभार मानले, आणि तुम्ही पेढे वाटलेत.

बाबा हसतील असं वाटलं होतं, किंवा चिडतील. त्यांनी फोटो जपून गल्ल्यावर उभा केला आणि म्हणाले की पेढे लोकांनी खाल्ले, आता त्यात खोट काय काढणार. मग फळीवरच्या, मी जायच्या आधी मेच्या सुट्टीत आखून ठेवलेल्या मूर्तींकडे वळले. त्यांच्या आणि माझ्या मूर्ती सरमिसळ होत्या. त्यांनी बघताबघता पाच मूर्ती पुढे काढल्या.

"या तुझ्या," ते म्हणाले.

मी जवळ गेले. खरंच माझ्या होत्या. मला त्या बुडाशी केलेल्या बारीकशा खुणेवरून ओळखता येत, त्यांनी खूण बघितलीच नव्हती.

"तुमीच म्हणता ना, हात कळत नाय?"

"व्यापाऱ्याला कळत नाय. मला कळतो." त्यांनी एका मूर्तीच्या डाव्या डोळ्याच्या कडेला करंगळी नेली, न टेकवता. "हितं तुझी रेघ जराशी वर जाते. सतरा वर्षांची होतीस तवापासून जाते."

मी म्हटलं, मग इतक्या वर्षांत एकदा तरी सांगायचं होतंत.

बाबांनी ब्रश पुन्हा उचलला. "सांगितलं असतं, तर तू सुधारली असतीस."