बाबांचा थांबलेला श्वास

काल रात्री घुसमटून जाग आली. ताडकन उठून बसलो आणि तोंड उघडून हवा आत ओढली. जरा भानावर आल्यावर लक्षात आलं, बायकोचा हात आधीपासूनच माझ्या पाठीवर होता.

"तू जागी होतीस?"

"तुमचं घोरणं थांबलं की मला जाग येते," ती म्हणाली. "सोमवारी डॉक्टरांकडे जायचं म्हणजे जायचं."

ती पाणी आणायला गेली आणि मला आमची जुनी दोन खोल्यांची जागा आठवली. बाबा असेच घोरायचे आणि मधेच त्यांचं घोरणं एकदम बंद पडायचं. शेजारच्या गादीवर आम्ही तिघं भावंडं त्याच क्षणाची वाट बघत असायचो. लगेच नाकं दाबून आम्हीही श्वास रोखायचो. बाबांइतका वेळ टिकेल तो जिंकला! जिंकलं कुणीच नाही कधी. बाबांचा केवढा अभिमान वाटायचा! वर्गातसुद्धा मी सांगून टाकलं होतं, आमचे बाबा श्वास न घेता झोपू शकतात.

मग अंधारात आईच्या बांगड्या वाजायच्या. ती बाबांना हलवून कुशीवर वळवायची. बाबा जोरात श्वास ओढून पुन्हा घोरू लागायचे आणि आम्ही चडफडायचो, आईनं आजही आमचा डाव मोडला म्हणून.

बायकोनं पाण्याचा पेला पुढे केला. दिव्याच्या उजेडात तिचे तांबारलेले डोळे दिसले, आणि आई रोज दुपारी भाजी निवडता निवडता का पेंगायची, ते मला इतक्या वर्षांनी कळलं.