कोरसमधले बाबा

मिलिंद गेला. आज सकाळी, डोंबिवलीतल्या घरी.

'कॅन्सरशी झुंज' वगैरे लिहिणार नाही. शेवटी तो फक्त दमलेला होता.

मित्रमंडळी त्याला टर्नटेबलवाला म्हणायची. गंमत म्हणजे तेव्हा त्याच्याकडे रेकॉर्ड वाजवायचा टर्नटेबल नव्हताच.

होती फक्त एक छोटी रेकॉर्ड.

मिलिंदचे वडील शहाडला कारखान्यात होते. संध्याकाळी वस्तीतल्या गायन पार्टीत गायचे. भीमजयंतीला, लग्नात, कुणी गेलं की त्याच्या जलदान विधीला. पार्टीची ही एकच रेकॉर्ड निघाली. मुख्य गायक दुसरे. बाबा कोरसमध्ये, पाच जणांत.

बाबांचा आवाज आणखी कुठेच उरलेला नाही.

म्हणून पहिला टर्नटेबल निवडायला त्याला वर्षं लागली.

त्याच्या बायकोच्या, वंदनावहिनींच्या भाच्याने एकदा सूटकेससारखा उघडणारा स्वस्त प्लेअर आणलेला. मिलिंदने रेकॉर्ड कपाटातून काढलीच नाही.

"सुईचं वजन बघ त्याच्या. बाबांवर नांगर फिरवू?"

मग तबकडी पट्ट्याने फिरवणारा बेल्ट ड्राइव्ह की थेट मोटरवरचा डायरेक्ट. फोनो स्टेज आतच असलेला की वेगळा. दर रविवारी नवीन शंका.

मी पेपरात बातम्या लिहिणारा. म्हणायचो, "अरे, आज ठरव ना."

"तुझा पेपर उद्या रद्दीत जातो रे. हे एकदा झिजलं की संपलं."

मग केमो सुरू झाली.

केस गेले, ते परत आले. कान गेले, ते आले नाहीत.

कानाला मशीन लावून बोललेलं कळायचं. पण सगळे एकाच आवाजात बोलतात, म्हणायचा. वंदनावहिनी बोलतायत की मी, ते ओठ बघून ठरवायचा.

वहिनी म्हणाल्या, "आता पुरे तुमचा रिसर्च. घेऊन टाका."

वागळे इस्टेटमधल्या एका दुकानातून आणला. त्याने निवडला तोच. सुई धरणारा हात हलका, सुई चांगली, फोनो स्टेज वेगळा.

घरी जोडला. रेकॉर्ड ठेवली. सुई टेकवली.

काहीच नाही. मिलिंदचा चेहरा उतरला.

"गेलं. उरलंसुरलंही गेलं."

"अहो, मला तरी कुठे ऐकू येतंय!" वहिनी म्हणाल्या.

फोनो स्टेजचा डबा पिशवीतच राहिलेला. सुईतून येणारा सिग्नल फार बारीक असतो, तो मोठा करणारा डबा मध्ये लागतोच. इतकी वर्षं वाचून हा नेमका तेच विसरला. तिघंही हसलो. मिलिंद तर खोकला येईपर्यंत.

डबा लावला. खोली भरून गेली. ढोलकी, पेटी, कोरस.

मिलिंद स्पीकरला कान लावून बसला. गाणं संपलं. पुन्हा लावलं.

"यात बाबा कुठले?"

मी त्याच्या बाबांना कधी ऐकलं नव्हतं. वहिनी लग्न होऊन आल्या तेव्हा ते गेलेले. आई नाही, भावंडं नाहीत. पार्टीतलंही कुणी उरलं नाही.

आम्हाला पाचही आवाज स्वच्छ ऐकू येत होते. ओळखणारा एकटा तो, आणि त्याला ते सगळे सारखे लागत होते.

"जरा मागून येतो ना, तो असेल," वहिनी म्हणाल्या.

"उगाच काहीतरी सांगू नकोस. बाबा मागून येणारे नव्हते."

"एक जाडसर आहे," मी म्हणालो. "एक किंचित नाकातला. बाबांचा कसा होता?"

त्याने स्पीकरवरून कान काढला.

"कसा म्हणजे... बाबांसारखा."

मग त्याने हळूच सुई उचलली. परत कधी लावायला सांगितलं नाही.

आज दुपारी अंत्यविधी आटोपल्यावर भाचा म्हणाला, रेकॉर्ड फोनमध्ये उतरवून सगळ्यांना पाठवतो. पाठवेल. चांगलंच येईल.

पाच माणसं गात असतील. त्यातले मिलिंदचे बाबा कुठले, हे सांगणारं आता कुणीच नाही.

मिलिंद, मित्रा, हा शेवटचा जय भीम.