रंगवार लावलेल्या घागरी

बदली होऊन गेलेले आमचे सेक्रेटरी दुसऱ्याच्या दारातल्या चपलाही जोडीने लावून मगच पुढे जात. मूळचे पुण्याकडचे, चेन्नईत मोटारींच्या कारखान्यात क्वालिटी विभागात मोठ्या हुद्द्यावर. पेरुंगुडीतली आमची सोसायटी ते त्याच शिस्तीने चालवत. "वस्तू जागच्या जागी असली की निम्मे प्रश्न सुटतात," असे म्हणत. उरलेल्या निम्म्यांची त्यांनी कधी चौकशी केली नाही.

पाणी त्या उरलेल्यांत होते. आजूबाजूला आयटीचे मनोरे उठले, प्रत्येकाने बोअर खोल नेली आणि आमच्या बोअरला खारे पाणी लागले. मग रोज टँकर. खिशातल्या मीटरने सेक्रेटरी प्रत्येक टँकरमधले क्षार मोजत, वहीत लिहीत. पाणी कुठल्या गावाचे, याला वहीत रकाना नव्हता. स्वतः मात्र ते एका बादलीत आंघोळ करत, हे खरे आहे. ते चारचौघांत सांगितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे, हेही खरे.

त्यांच्याकडे स्वयंपाकाला येणारी सेल्वी त्याच गावची. तिथल्या विहिरी टँकरवाले उपसत. गावाच्या नळाला दिवसाआड तासभर पाणी येई. तिला उशीर झाला की सेक्रेटरी वेळेच्या नियोजनावर बोलत.

"सार, तुमचा टँकर भरला की आमचा नळ आटतो," ती तमिळमध्ये म्हणे.

"कारणं नकोत, सेल्वी. सोल्यूशन सांग."

एकदा मीटरवरचा आकडा वाढला, म्हणून ते स्वतः टँकरबरोबर गावात गेले. मीही गेलो. नळापासून रस्त्यावर प्लास्टिकच्या घागरींची लांबलचक ओळ होती, माणूस एकही नाही. तिकडची रीतच ती: घागर ठेवायची आणि कामाला जायचे. घागर म्हणजे नंबर; तिला कोणी हात लावत नाही. टँकरला मात्र वाट नव्हती.

"अहो, हात लावू नका, ती रांग आहे," मी म्हणालो.

"रांगेला माणसं लागतात. हा पसारा आहे."

त्यांनी ड्रायव्हरला हाताशी घेतले आणि सगळ्या घागरी कडेला नेऊन रंगवार लावल्या. हिरव्या, निळ्या, लाल. मग फोटो काढला.

नळाला पाणी आले तेव्हा नंबर कोणाचा कितवा, यावर बायकांत जुंपली. पाणी गेले तरी भांडण चालूच होते. सेल्वीची घागर ओळीत तिसरी होती. ती कोरडीच घरी गेली.

दुसऱ्या दिवशी ती काम सोडते म्हणून सांगायला आली. सेक्रेटरींनी तिला फोटो दाखवला. तिने तो बराच वेळ पाहिला.

"आता गावात कोणी कोणावर विश्वास ठेवत नाही, सार. ज्याने त्याने आपल्या घागरीपाशी बसायचं, असं ठरलंय. आमच्या घरातून मी बसणार."

ती गेल्यावर सेक्रेटरींनी मला नवी बाई बघायला सांगितले.

"शक्यतो," ते म्हणाले, "पाणी असलेल्या गावातली बघा."