घाऱ्या डोळ्यांची दृष्ट

लोक ऑपरेशनसाठी परदेशात जातात हे मी ऐकून होते. आमचं घाटकोपरही कोणाचं तरी परदेश असू शकतं, हे मात्र सून आली तेव्हा कळलं.

मुलगा पोर्तुगालला नोकरीला आहे. लग्नही त्याने तिथल्याच मुलीशी केलं, रजिस्टर पद्धतीने. आम्ही दोघांनी ते फोनवर पाहिलं. मी पैठणी नेसून सोफ्यावर बसले होते आणि ह्यांनी वर इस्त्रीचा शर्ट, खाली लेंगा चढवला होता. त्यानंतर सुनेला प्रत्यक्ष बघायचं राहूनच गेलं. मग एक दिवस मुलाचा फोन आला, "आई, ती येतेय. एकटीच. डोळ्यांचं लेझर करून घ्यायला."

"का? तुमच्याकडचे डॉक्टर संपले?" मी विचारलं.

डॉक्टर संपले नव्हते, पण लवकर तारीख मिळत नव्हती आणि तिला थांबायला वेळ नव्हता. तिला अग्निशमन दलात जायचं होतं. धावणं, शिडी चढणं, वजन खांद्यावर घेऊन जिने चढणं, सगळ्यात ती पास झाली होती. अडलं होतं ते चष्म्यावर. तिला आठ नंबरचा चष्मा, आणि तिकडचा नियम असा की चष्म्याशिवाय दिसलं पाहिजे. वयाच्या अटीमुळे पुढची भरती तिच्यासाठी शेवटची होती. मुलाचा स्वतःचा चष्मा कॉलेजात असताना आमच्या स्टेशनजवळच्या डॉक्टरबाईंनी काढला होता. बायकोचे डोळेही त्यांच्याच हातात द्यायचे, असं त्याने ठरवून टाकलं.

सून आली. उंच, खांद्याने रुंद, आणि आमच्या दारात वाकून माझ्या पाया पडली ती बरोब्बर. मुलाने शिकवून पाठवलं असणार. चष्मा जाड, पण तो काढून पुसायला लागली की आत डोळे असे घारे की बघतच राहावं. मी बघत राहिलेही.

आमची इमारत जुनी आहे. मजल्यावर पाच घरं आणि समोरून एकच लांब गॅलरी. कोणाच्या घरी काय शिजतंय ते पाचही घरांना नाकाने कळतं. गोरी सून आली म्हटल्यावर बायका एकेक करून डोकावून जाऊ लागल्या. कोणी खोबऱ्याच्या वड्या आणल्या, कोणी नुसतीच 'चहा घ्यायला' आली. सुनेला मराठी येत नव्हतं, पण बटाटा, चावी आणि अननस हे शब्द तिने बोलण्यातून बरोबर उचलले, कारण तिच्या भाषेतही ते जवळपास तसेच आहेत. 'बालदी' ऐकून तर ती न्हाणीघरातून ओरडत बाहेर आली. आमच्या सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, हे शब्द आमचेच, त्यांनी नेले. मी भांडण वाढवलं नाही.

शेजारच्या वहिनी मात्र दोनदा म्हणाल्या, "एवढे सुंदर डोळे गं, त्यांना कशाला हात लावायचा?"

हे वाक्य माझ्या मनात रुतून बसलं.

दवाखान्यात जाताना रिक्षा सिग्नलला थांबली तेव्हा सून इंग्रजीत म्हणाली, "आई, बिघडलं तर? मग मी कोणाला वाचवणार? माझं मलाच दिसणार नाही." मी तिला म्हटलं, "काही होत नाही." असं आपण म्हणतो. मला तरी काय माहीत होतं?

ऑपरेशन इतक्या लवकर आटपलं की ह्यांचा चहाही पिऊन झाला नव्हता. डॉक्टरबाईंनी मला बाजूला घेऊन समजावलं. बुबुळावरचा एक पातळ पापुद्रा उचलतात, खाली लेझर मारतात आणि पापुद्रा परत जागेवर ठेवतात. टाका नाही, चिकटपट्टी नाही. तो आपला आपण धरतो. तोपर्यंत डोळे चोळायचे नाहीत, पाणी जाऊ द्यायचं नाही, धूर नको, धूळ नको. "चोळले आणि पापुद्रा सरकला तर सगळं मुसळ केरात," त्या म्हणाल्या.

मी काही कच्च्या गुरूची चेली नाही. घरी आल्यावर पडदे ओढले, अगरबत्ती बंद, समईसुद्धा दुसऱ्या खोलीत. थेंब घालायच्या वेळा ह्यांनी मोबाइलमध्ये लावल्या. सून मान मागे टाकून बसायची, मी एक हात तिच्या कपाळावर ठेवून थेंब सोडायची. पोटच्या पोरीची हौस माझी राहिली होती. ती त्या दिवसांत थेंबाथेंबाने फिटत होती, असं म्हटलं तर खोटं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या डाव्या डोळ्यात लालभडक डाग दिसला. पांढऱ्या भागात रक्त साकळल्यासारखा. असा डाग येऊ शकतो, भिऊ नका, हे डॉक्टरबाईंनी आधीच सांगितलं होतं. मुलानेही फोनवर तेच सांगितलं. सगळं पटलं आणि तरी दिवसभर मला दुसरं काही सुचेना. वहिनींचं वाक्य आठवत होतं, डोकावून गेलेल्या बायका आठवत होत्या. आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त मीच आठवत होते. दृष्ट लागते ती आधी घरच्याच माणसाची, असं आमच्याकडे म्हणतात. त्या डोळ्यांकडे माझ्याइतकं टक लावून कोण बघत होतं?

दिवेलागणीला हे दूध आणायला खाली गेले. मी मीठ, मोहरी आणि सात सुक्या लाल मिरच्या मुठीत घेतल्या आणि खुर्चीत बसलेल्या सुनेवरून ओवाळल्या. आल्यागेल्याची, घरच्याची, दारच्याची, सगळ्यांची नावं न घेता घेतली. ती काळ्या चष्म्याआडून हसत होती. मग गॅसवर तवा ठेवला आणि मूठ त्यावर सोडली.

अगरबत्ती मी बंद केली होती. पण मिरच्यांचा धूर हा धूर, हे डोक्यात आलंच नाही. दृष्ट काढणं म्हणजे औषध, औषधाचा कसला धूर?

पुढच्या क्षणी घरभर असा ठसका उठला की मलाच श्वास घेता येईना. सून खोकत उठली, चष्मा खाली पडला, डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि तिचे दोन्ही हात वर डोळ्यांकडे निघाले.

मी झडप घालून तिची मनगटं धरली. तोंडातून इंग्रजी निघेना, मराठीही निघेना, माहेरचं मालवणी निघालं. "चोळू नको गो बाय, हात लावू नको, माझ्या बाये." तिला एक अक्षर कळलं नसणार. ती माझ्यापेक्षा किती ताकदीची! एका झटक्यात हात सोडवून घेऊ शकली असती. तिने नाही सोडवले. आम्ही दोघी समोरासमोर उभ्या, चार डोळ्यांतून पाणी, नाकातूनही, आणि मी काही तिचे हात सोडत नव्हते.

ठसका गॅलरीत पोचला होताच. बायका धावत आल्या. शेजारच्या वहिनींनी गॅस बंद करून तवा मोरीत नेला, दुसरीने खिडक्या उघडल्या, तिसरी रिक्षा आणायला जिन्यावरून पळाली. कोणी काही विचारलं नाही. वासानेच सगळं समजलं होतं.

दवाखान्यापर्यंत मी तिची मनगटं धरूनच बसले होते. माझ्या बोटांचे वळ तिच्या हातावर उठले होते.

डॉक्टरबाईंनी तिची हनुवटी यंत्रावर टेकवली. "कशाने झालं हे?"

मी तोंड उघडण्याआधी सूनच बोलली, "मी स्वयंपाकघरात गेले होते. मला शिकायचं होतं."

डॉक्टरबाईंनी तिला असं झापलं की काय सांगू. एवढ्या लांबून आलीस, नोकरी पणाला लागलीय आणि फोडण्या कसल्या शिकतेस? ती मुकाट्याने ऐकत होती, हनुवटी यंत्रावर, डोळे उघडे. मला ते ऐकवेना.

"डॉक्टर, ती खोटं बोलतेय," मी म्हटलं. "मी तिची दृष्ट काढली. मिरच्या जाळून."

डॉक्टरबाईंनी यंत्रामागून डोकं काढून माझ्याकडे पाहिलं. आता आपली वाट लागली, असं मला वाटलं. त्यांनी विचारलं, "ठसका आला?"

"अख्ख्या मजल्याला आला."

"मग दृष्ट लागलेलीच नव्हती तिला," त्या म्हणाल्या आणि पुन्हा यंत्रात डोकं घातलं. दोन्ही डोळे पाहून झाल्यावर म्हणाल्या, "पापुद्रे जागेवर आहेत. चोळले नाहीत म्हणून वाचली."

मी तिथल्या स्टुलावर बसून रडले. ह्या वेळी मिरच्या नव्हत्या.

परतीच्या रिक्षात सुनेने विचारलं, त्या मराठीत काय म्हणाल्या? मी माझ्या तोडक्यामोडक्या इंग्रजीत सांगितलं. दृष्ट लागली असेल तर मिरच्या जाळूनही ठसका येत नाही, आणि ठसका आला तर कोणाचीच वाईट नजर नव्हती असं समजायचं. तिला नवल वाटलं नाही. तिची आजी म्हणे ताटलीतल्या पाण्यात तेलाचे थेंब सोडून हेच बघायची. तिने थोडा विचार केला आणि विचारलं, "कोणाचीच नाही?"

"कोणाचीच नाही."

हे बोलता बोलताच मला ते नीट कळलं. इतक्या जणी डोकावून गेल्या, मनात मी एकेकीवर संशय घेतला, माझ्यावरही घेतला, आणि सगळ्यांचं बघणं चांगलंच होतं. त्याची खात्री मला करून हवी होती आणि ती झाली, जरा महागात.

घरी आलो तर गॅलरीत बायका उभ्याच होत्या. "बरी आहे ना गं?" एवढंच विचारून आपापल्या घरात गेल्या. पुढच्या तीन-चार दिवसांत माझ्या लक्षात यायला लागलं की मजल्यावर कसलाच वास येत नाहीये. मासे तळल्याचा नाही, लसणीचा नाही. वहिनींना विचारलं तर म्हणाल्या, "ठरवलंय आम्ही. तिचे डोळे धरेपर्यंत कोणी फोडणी घालायची नाही. आमचे हे कुरकुरतायत, कुरकुरू देत." चार घरं बिनफोडणीचं वरण जेवत होती, जिचं नावसुद्धा त्यांना नीट उच्चारता येत नव्हतं तिच्यासाठी. ह्या उपकाराची परतफेड कशी करतात मला माहीत नाही. मी आपली करायलाही गेले नाही.

शेवटच्या तपासणीला तिने तक्त्यावरची सगळ्यात खालची ओळ वाचली. मग ती गेली. भरतीत डोळ्यांची तपासणी पास झाली आणि ट्रेनिंग सुरू झालं. एके दिवशी तिचा फोन आला, मुलाला मध्ये न घेता. आता ती थोडं मराठी, थोडं इंग्रजी असं बोलते.

"आई, आज धुराची खोली होती. बाहेर येऊन मास्क काढला की सगळे डोळे चोळतात. हात आपोआप जातो. सर ओरडतात, चोळू नका. माझा हात नाही गेला."

"का?"

"मला वाटलं, तुम्ही धरलाय."

फोन ठेवला आणि पदराने तोंड पुसून हे सांगायला आधी वहिनींचं दार वाजवलं.