आईचा उजवा हात

माझ्या हळदीच्या दिवशी मला एकच धास्ती होती: आई मला हळद लावेल की नाही. नवरा कसा निघेल याचीसुद्धा एवढी नव्हती.

बारा वर्षांपूर्वी शेलार गावी चुलत बहिणीच्या हळदीत आई वडे तळत होती. मांडवामागे तीन विटांची चूल, वर भलीमोठी कढई. एक वीट सरकली आणि कढत तेल आईच्या उजव्या हातावर आणि मानेवर आलं. बायका नुसत्या ओरडत राहिल्या. मी तेव्हा दहावीत, म्हणजे जगातली सगळ्यात शहाणी. घरात धावले, टूथपेस्टची नवीकोरी ट्यूब आणली आणि शेवटपर्यंत पिळून आईच्या हातभर थापली. पाण्याने भरलेलं पिंप दोन पावलांवर होतं.

भिवंडीच्या दवाखान्यात नर्सने ती पेस्ट खरवडून काढली. पडद्याआडून येणारा आवाज आईचा आहे हे मला पटेना. बाहेर येऊन नर्स म्हणाली, "कोणी लावलं हे? नुसतं पाणी ओतायचं ना!" कुणी माझं नाव घेतलं नाही. मीही घेतलं नाही.

हात बरा झाला म्हणजे जखम भरली, एवढंच. दोन बोटं वाकडी राहिली, कातडी जाड, गाठीगाठींची. कढत-गार त्या हाताला काही कळेना. आईने ब्लाउजच्या बाह्या मनगटापर्यंत शिवून घेतल्या आणि हळदीला जाणं सोडलं. लग्नसराईत आमच्याकडे दिवसाआड आमंत्रण. ते आलं की तिचं डोकं दुखायला लागायचं. मला राग यायचा, कधी लोकांचा, कधी तिचाच.

बाबांचं दुखणं वेगळं. दवाखान्यात हवालदाराने आईला चार वेळा विचारलं होतं, "नवऱ्याचा त्रास आहे का?" त्याचं कामच ते. पण पुढे बाजारातही अनोळखी बायका आधी आईच्या मानेकडे बघायच्या, मग बाबांकडे. बाबा तिच्या चार पावलं मागून चालायला लागले. घरात त्यांनी भांडणंच सोडून दिलं. आमटी खारट झाली तरी मुकाट जेवायचे.

"भांडत पन न्हाय आता माझ्याशी," आई एकदा म्हणाली आणि माझ्यासमोर पहिल्यांदा रडली.

माझ्या हळदीला बायकांनी मला पाटावर बसवलं. काकूने हाक मारली, "आई कुठं हाय? पयली हलद तिची." आई मागच्या पडवीत स्वच्छ भांडी पुन्हा घासत होती. मी पाटावरून उठले. नवरीने उठायचं नसतं म्हणून आरडाओरडा झाला. होऊ दे म्हटलं. आईला धरून आणलं. ती आली, पण डाव्या हातात आंब्याचं पान घेतलं आणि ते हळदीत बुडवून लांबूनच लावायला लागली. मी पान काढून घेतलं.

"उजव्या हातानं लाव."

"टोचल गो तुला."

"टोचू दे."

तिने बाही वर सारली. ती वाकडी बोटं माझ्या गालावरून फिरली आणि खरंच टोचली. मला एकदम हुंदका फुटला. तिच्या कानाशी म्हणाले, "आई, ती पेस्ट मी लावली होती."

"मना ठाव हाय." तिचा हात थांबला नाही. "ती खरवडताना जीव गेला माझा." मग दुसऱ्या गालाला लावत म्हणाली, "पन तू लावलीस तवा गार लागलं व्हतं. या हाताला गार कललं, ते शेवटचं."

तिने बोटं पुन्हा वाटीत बुडवली.

"हलद गार हाय का गो?"

"गार आहे," मी म्हणाले.